नेलपॉलिशचे ठिपके

आयनोचा अ‍ॅम्प उचलायला दोघं लागतात.
जड बाजू माझ्याकडे, हलकी विल्होकडे,
कारण त्याच्या गळ्यात अकॉर्डियन, आणि वय बहात्तर.
जिन्यात तो तीनदा बजावतो :
बटणांना हात लावायचा नाही.

डलूथ. नोव्हेंबर. बंदरात यंदाची शेवटची खनिजाची जहाजं.
तळघरातला हॉल, शनिवारचा नाच,
कॉफीचा बंब, भिंतभर कोटांच्या रिकाम्या खुंट्या,
आणि मी, एकोणीस वर्षांची,
गेलेल्या माणसाच्या जागी.

सहा बटणं. आकडे बोटांनी पुसून खाल्लेत.
आकड्यांच्या जागी नेलपॉलिशचे ठिपके,
हेल्मीच्या बाटल्यांतले,
ज्या वर्षी जो रंग चालू असेल तो.

वायर खुपसते. लाल दिवा. जाडी तार मोकळी सोडते.
खणखणाट!
पत्र्याच्या बादलीत कुणी चमचे ओतावेत तसा.
विल्हो डोळे मिटून मान डोलावतो :
हाच. हाच आयनो.

मी गुडघ्यांवर बसते, टॉर्च लावते.
ट्रेबलच्या भोवती चार ठिपके.
घड्याळात दहा वाजतात तिथे फिकट गुलाबी,
बाराला नारिंगी,
दोनला लाल,
आणि पाचला, जिथून पुढे बटण वळतच नाही,
जांभळा. अजून चकचकीत.

हेल्मी पहिल्या खुर्चीवर. कोट काढलेला नाही.
म्हणते, एकतीस वर्षं गोदीवर काढली त्यानं.
वरून लोखंडाचे दगड जहाजाच्या पोटात कोसळायचे,
हा खाली उभा.
आधी पक्षी गेले.
मग फोनची घंटी.
मग मी. माझा आवाज बारीक ना.
तो म्हणायचा, अ‍ॅम्प थकला बिचारा, मंद वाजतो हल्ली,
आणि बटण पुढे सारायचा.
मी बाटली उघडायचे.

शेजारचं बटण खर्जाचं.
त्याला एकच ठिपका, अकराला,
गुलाबी, सगळ्यात जुना, कडेनं उडालेला.
ते नाही हलवलं कधी, ती म्हणते,
ते त्याला तळव्यांतून यायचं.

कोपऱ्यातलं कोरसचं बटण कोरं करकरीत.
फिरवते तर खरखरतं, वर्षांची धूळ.
मग एका स्वराचे दोन होतात,
एक जरा मागे, एक जरा पुढे,
धक्क्यावरचा दिवा पाण्यात थरथरतो तसे.
विल्हो दूध नासल्यासारखं तोंड करतो.
बरं. बंद.
तेवढं त्याचं ऐकते.

ट्रेबलचं मात्र नाही ऐकत.
कुणाचा तरी कान पिळतेय असं वाटतं,
उलटा, हळूहळू.
जांभळा सुटला. लाल सुटला.
नारिंगीपाशी बोटं उगीच रेंगाळली,
तिथे बहुधा घंटी अजून वाजत होती.
गुलाबीच्याही थोडी खाली आले.
मिड जरा वर,
नाहीतर अकॉर्डियनच्या भात्याखाली मी सापडायचीच नाही.
खर्जाला हात लावला नाही.

आणि वाजवलं.
बशांवरचे कप किणकिणले.
बाहेर कुठल्याशा जहाजानं भोंगा दिला,
एक लांब, दोन आखूड,
जवळजवळ माझ्याच सुरात, किंचित उतरलेला.
विल्हो काही बोलला नाही.
अकॉर्डियनचा पट्टा एक भोक घट्ट केला फक्त.

हेल्मीनं पर्स उघडली. हिरवी बाटली.
कुठे लावू?

थांबा, मी म्हटलं, हॉल रिकामा आहे अजून.
माणसं येतील, ओले लोकरी कोट घालून,
वरचे सूर अर्धे तेच पिऊन टाकतील.
मग पुन्हा वळवावं लागेल.

ती थांबते.
बाटली मुठीत धरून हलवत राहते,
आतली गोळी टिकटिकते,
आमच्या तालाच्या जरा मागे.