पांढरी पाच

दरसाल पंचवीस तारखेला, रात्री साडेनऊला
वेंगुर्ल्याला इगर्जीच्या पटांगणात गाणं.
बावीस वर्षं सांतान मास्तरच गायले.
ख्याल, मग ठुमरी, मध्ये एकदा चहा,
आणि पाद्रीबाब पेंगू लागायच्या आत भैरवी.

मी साउंडवाला.
दोन कर्णे, एक माइक
आणि वडलांच्या वेळचं अ‍ॅम्प्लिफायर.
चालू केलं की घुमायचं.
अर्थिंग बदललं, वायरी बदलल्या,
एकदा लिंबू-मिरचीसुद्धा बांधली.
घूं काही जाईना.

मास्तरांनी पहिल्याच वर्षी कान दिला.
पेटीवर बोट फिरवत शोधून काढलं:
"पांढरी पाच. केसभर चढी.
ह्यो माजो पंचम. ऱ्हवांदे रे, सत्या."
आणि दोन्ही तंबोरे केसभर वर घेतले,
यंत्राला मान देऊन.
पेटीवाला दामू कुरकुरला, माझी पेटी कशी चढवू?
मास्तर म्हणाले, तू हळू वाजव.

गेल्या मे महिन्यात बांबोळीला
त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं.
आवाज तिथंच ठेवून आले.
आता सदऱ्याच्या खिशात वहीचे चिठोरे
आणि दोरा बांधलेली पेन्सिल.

यंदा गायला पेर्पेत.
दिवसभर काजूच्या कारखान्यात,
चिकानं बोटांची टोकं काळी.
दहा वर्षं मास्तरांच्या पाठीमागे
तीच बोटं तंबोऱ्यावर.
पोरीची पहिली बैठक, नासायला नको
म्हणून मी कुडाळहून हप्त्यावर नवं यंत्र आणलं.
घासलेल्या ताटासारखं स्वच्छ. एक आवाज नाही.

फाटकावर कागदी चांदणी,
गोठ्यातल्या मेंढरांना नवा कापूस,
पुढच्या रांगेत सुटातले मुंबईकर.
पेर्पेतनं बिहाग धरला.
षड्ज लागेना.
ओल्या धक्क्यावर पाय ठेवावा तसा
ठेवायची, काढून घ्यायची.
दामूनं खाली मान घातली.

मास्तर तिच्याकडे बघतच नव्हते.
माझ्याकडे बघत होते.
चिठोरा हातोहात आला,
कुणाच्या तरी बोटांचं सोरपोतेलचं तेल घेऊन:
"जुना यंत्र खंय ठेवलंस?"

टेम्पोत होतं, ताडपत्रीखाली.
आणलं. जोडलं.
एक सूटवाला म्हणाला,
अहो, घरघर येतेय, बंद करा ती.
पेर्पेत थांबली.
डोळे मिटून खुंटी पिळली, केसभर.
मग गायली.

मला गाण्यातलं कळत नाही, वायरीतलं कळतं.
दामूनंच नंतर सांगितलं:
ती पांढरी पाचमध्ये गाते.
मास्तरांचा जो पंचम
तोच तिचा षड्ज.
मी पाहिलं ते एवढंच,
तिनं वरचा सा लावला तेव्हा
मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं
आणि बराच वेळ मिटलं नाही.

दोन वाजता कर्ण्यांवर दंव.
इगर्जीचं कुत्रं
गरम अ‍ॅम्प्लिफायरला पाठ लावून झोपलेलं.
प्लग काढायला माझा हात होईना.
मास्तर आले. ताप बघावा तसा
यंत्रावर तळवा ठेवून उभे राहिले.
मग लिहिलं:
"नव्याचे हप्ते किती ऱ्हवले?"

अकरा, मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली
आणि नेवऱ्यांचा डबा
माझ्या हातात दिला.