रबरी बेडूक

सीताबर्डीहून आणली होती
अठरा गांडुळं, चार बेडूक, सगळी रबराची.
मेमध्ये स्कूटरच्या डिक्कीत विसरलो.
संध्याकाळी उघडलं तर सगळ्यांचा मिळून
एकच प्राणी झालेला,
जांभळा, चिकट, बडीशेपेच्या वासाचा.

रुमालात होता म्हणून एक बेडूक वाचला.

जुलैत झिल्पीच्या तलावावर
उरकुडा नान्हेंनी तो बोटांत दाबून पाह्यला,
बुधवारात टमाटर पाहावा तसा.
"मऊ पाह्यजे. मरळ तोंडात घेते अन् इचार करते.
कडक लागला का थुकते."
गढूळ पाण्याला काळा बरा, म्हणाले,
निवळ असलं तर हिरवट.
गळाचं टोक त्यांनी बेडकाच्या पाठीत लपवलं,
शेवाळात अडकू नये म्हणून.
"फेकला का थांब. गोल लाटा इरू दे.
मंग एक झटका. मंग अजून थांब.
थांबाले काही पैसे लागत नाही."

थांबलो.
कमळाच्या पानाकडेला
पाणी एकाएकी तांबडं झालं:
शेकडो पिल्लं,
श्वासापुरती वर, पुन्हा खाली,
आणि त्यांच्याखाली हळूहळू फिरणारं
एक काळं, लांब काहीतरी.

"आता टाकला तं घेईनच," उरकुडाजी बोलले,
"पण भुकेनं नाही. रागानं."
आणि बिडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.

मी रीळ गुंडाळली.

बेडूक आता फ्रिजमध्ये असतो,
कोथिंबिरीच्या डब्यामागे.
पहिल्या दिवशी वनमाला किंचाळली.
आता नुसता बाजूला सारते.