रापण, मोनोमध्ये

हेडफोनमध्ये समुद्र झकास रुंद झाला होता.
डाव्या कानात निवतीचा किल्ला,
उजव्यात पार वेंगुर्ल्याचं बंदर,
आणि मधे, डोक्याच्या आत, कुणीच नाही.
ते कुणीच नसणं मला मोकळं वाटलं.

सगुण गिरपाची हाळी, सहा सेकंदांची,
पहाटे दोरीशेजारी उभं राहून घेतलेली.
मागे ओल्या सुंभाची करकर, एका पोराचा खोकला.
ती मी डावीकडे ठेवली सरळ,
उजवीकडे तिचीच प्रत, लाट उलटी करून:
ही चढते तिथे ती उतरते.
सिंथचे दोन थर, एकमेकांपासून केसभर बेसूर.
बेसलासुद्धा कोरस लावला, हात थांबेना.
फेजच्या मीटरचा काटा उणे एककडे कलंडला,
तर त्याच्यावर दुसरी खिडकी ओढून घेतली.

संध्याकाळी रापणीच्या मांगरात
कैतानचा स्पीकर: एकच, एका बाजूने वितळलेला.
दोन्ही कान तिथे एका कोनात येतात.
ढोल वाजला. ढोलच वाजला.
बेस तळाला गेलेल्या नांगरासारखा, असून नसलेला.
सगुणकाका जाळं विणायचे थांबले.
‘माझी हाळी खंय गेली गो?’
मी म्हटलं, आहे, दोनदा आहे.
कैतान हसला. ते हसले नाहीत.
‘येक दोरी उलटी वडलंस तू.’

त्यांना लाटेचं गणित माहीत नव्हतं,
रापण मात्र माहीत होती:
अर्धी माणसं या टोकाला, अर्धी त्या,
मधे दोनशे पावलं वाळू.
दोघं एका दमात ओढत, एकमेकांकडे सरकत येतात
म्हणून मासळी मधल्या खोळीत उरते.
एक ओढतोय नि एक सोडतोय,
तर पाणी ढवळतं भरपूर,
हाताला लागत नाही काही.

रात्री खिडकी बाजूला केली. काटा तिथेच होता.
उलटी प्रत पुसली.
हाळी मध्यावर आणली, एकटी.
एकशेवीस हर्ट्झच्या खालचं सगळं मधे,
होडीच्या तळाशी दगड ठेवतात तसं.
दुसऱ्या सिंथला नुसता मागे ढकलला नाही,
वेगळा वाजवला, पुन्हा, बोटांनी,
म्हणजे तो पहिल्याची सावली राहिला नाही.
कडेला फक्त करकर ठेवली, आणि तो खोकला.

खरं सांगायचं तर हेडफोनमध्ये आता
वेंगुर्लं दिसत नाही.
एक खाडी आहे, पलीकडचा माणूस ओळखू येईल इतकी.
याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

कैतानच्या स्पीकरवर परत लावलं.
सगुणकाकांनी पूर्ण ऐकलं नाही,
हाळी आली तेवढ्यात त्यांचा हात
मांडीवरच्या सुताला आपसूक एक हिसका देऊन गेला.
मग म्हणाले, खोकता तो आमचो बारको,
त्याका औषध व्हया.