डोळे उघडायचे दिवस

एप्रिल उजाडला की आम्ही वेली उकरायला घेतो.

नोव्हेंबरात आम्हीच त्यांना निजवलं होतं,
तारेवरून सोडवून, एका कुशीवर कलवून
वर गुडघाभर माती ओढून.
हेलान डोंगरापलीकडची थंडी
उघड्या वेलीला शिल्लक ठेवत नाही.
म्हणून इथे खोड सरळ वाढू देत नाहीत.
पहिल्या वर्षापासून तिरपं,
नमाजात कमरेतून वाकल्यासारखं.
आडवं व्हायची सवय लागली
की मोडायची भीती कमी.

यंत्र पुढे जातं, वरचा ढिगारा फोडत.
शेवटची वीतभर माती मात्र आमची.
फावडं तासून नाही, सरकवून चालवायचं.
एक डोळा खरवडला, एक घड गेला.
सा देफू तर फावडंसुद्धा बाजूला ठेवतो,
बोटांनी चाचपत जातो,
अंधारात चष्मा शोधणाऱ्या माणसासारखा.
त्याच्या ओळीला सगळ्यात वेळ लागतो.
मुकादम हल्ली काही बोलत नाही.

देफू शीहायगूच्या कोरड्या टेकड्यांवरचा.
तिकडे त्यांच्या घरी पाहुण्याला भाकरी लगेच,
पाणी मागितलं तरच.
अंगणातल्या तळघरात साठवलेलं पाणी
तो लहानपणी दोरीच्या गाठींनी मोजायचा.
अजूनही रात्री पाटाची पाळी आली
की बारं वळवायच्या आधी
थोडा वेळ नुसता हात बुडवून बसतो.
पीत नदीचं पाणी, गढूळ, गार.
मी बॅटरी दुसरीकडे वळवते.

उकरलेली काडी टोकाला छाटली
की थेंब येतो. मग दुसरा. मग थांबतच नाही.
हाय यान्‌मेई म्हणते, वेल रडतेय.
देफू म्हणतो, रडेल कशाला,
जाग आली, तोंड धुतेय.

या द्राक्षांची दारू होते. आम्ही ती पीत नाही.
मागे शहरातून एक साहेब आले होते,
काचेचा पेला उन्हात धरून त्यांनी विचारलं,
तुम्हाला कशी वाटते चव?
देफू म्हणाला, मातीची सांगू शकतो.
चौथ्या ओळीत खारट आहे,
विहिरीकडे बरी.
साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग बांधणी. तार ताणायची,
काडी उचलायची, सुतळीचा सैल आठ घालायचा,
सैल, कारण उन्हाळ्यात ती जाड होणार.
वारा वाळू घेऊन येतो, दातांत करकरते,
डोक्याचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून
आम्ही ओळीओळीने पुढे सरकतो,
आणि आमच्या मागे, पाठ फिरल्यावर,
लोकरीसारखे डोळे फुगत राहतात.

चार मेच्या रात्री दोनला फोन वाजला.
पारा शून्याखाली.
मेंढ्यांची लेंडी, ओला पेंढा, जुने टायर नकोत,
धूर हवा, जाळ नको,
ओरडत सगळे धावले.
थंडी पाण्यासारखी असते, उताराला जमते.
वरच्या ओळी धुराखाली तगल्या.
खालच्या अकरा ओळी सकाळी
उकडलेल्या पाल्यासारख्या काळ्या.
यान्‌मेई बांधावर बसली
आणि बराच वेळ बुटातली वाळू झाडत राहिली,
एकाच बुटातली.

आज पंधरावा दिवस.
खालच्या ओळीतून देफूने हाक मारली.
करपलेल्या डोळ्याच्या कुशीत
दुसरा, मुगाएवढा, हिरवा.
तो तिथे होताच म्हणे.
पहिला जगला असता, तर याला
कुणी उठवलंच नसतं.

याला घड धरेल की नुसता पाला,
ते जूनमध्ये कळेल.
तोवर सुतळी संपलीय.
यान्‌मेईकडे दोन गुंडे असतील,
आणि आज रात्री पाण्याची पाळी आमची.