वीसपैकी

सहा बाटल्या, एकाच टेकडीच्या.
इतातामधल्या या उतारावर मांडव नाही, तार नाही;
प्रत्येक वेल आपल्याच बुंध्यावर बसलेली,
खुडूक कोंबडी अंड्यांवर बसावी तशी.

डॉन बाउदिलिओ टेबलावर पांढरा कागद पसरतो,
ग्लासामागचा रंग नीट दिसावा म्हणून.
नात, यास्ना, बादली आणून ठेवते.
"थुंकायला लाजू नका. एरवी हिच्यातून डुकराला कोंडा जातो."

चिय्यानच्या शाळेत मी तेवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.
पेपर तपासायला बसले की हात आखडता, अशी ख्याती.
आता सहकारी संघासाठी वाइनला गुण देते.
नवरा म्हणायचा, ही नाकानं कांदे सोलते.
खरं आहे.
कांदा कुठल्या शेतातला, तेही सांगते.

पहिली पांढरी, मोस्कातेल.
वास नारिंगीच्या फुलांचा, मागून ओल्या रांजणाचा.
जिभेवर मात्र गोडाचा पत्ता नाही:
लाडानं जवळ घेऊन
व्याज मोजणारी आत्या.
पंधरा.

दुसरी, कोरिंतो. पातळ. पाण्यात विसरलेलं सफरचंद.
बाउदिलिओ खिडकीबाहेर बघतो,
म्हणजे माझ्या पेन्सिलीकडेच.
बारा.
मग अर्धा वाढवते, जाता जाता जिभेच्या कडेला
मिठाची कणी लागली म्हणून.
डोंगरापलीकडे समुद्र आहे, तेवढं तिला ठाऊक आहे.

तिसरी सालांसकट मुरवलेली,
रंग पितळी, तुरटपणा थंड झालेल्या चहाचा.
थुंकते. थांबते.
चव अजून गेलेली नाही,
दारात चपला घालून बोलत राहिलेल्या पाहुण्यासारखी.
सतरा.
"सतरा?" यास्ना ओरडते.
म्हातारा तिला डोळ्यांनीच गप्प करतो.

पावाचा तुकडा. पाणी.
आता तांबड्या.

पाईस, दीडशे वर्षांच्या वेलींची:
तापलेलं कौल, डाळिंबाची साल.
हिला सभ्य करायला कुणी गेलं नाही, बरं झालं.
सोळा.
सिन्सो हसरी, पण लगेच विसरते. चौदा.

सहावीवर लेबल नाही. खडूनं नुसतं साल.
ग्लास नाकाशी नेला,
आधी राख.
मग विझवलेली चूल. मग दवाखान्यातलं काहीतरी,
ज्याचं सूत्र मी फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे.
फळ? आहे. दाराआड उभं आहे, आत येत नाही.

त्या फेब्रुवारीत कंपनीची पाइनची जंगलं पेटली.
तीन रात्री.
या वेली जळल्या नाहीत.
द्राक्षं नुकती रंग धरत होती,
जे हवेत होतं ते पीत होती.
खालच्या अंगाला ओर्तेन्सियाचं घर गेलं, कोठार गेलं,
आणि गाढव, दावं कापायला कुणाला सुचलं नाही म्हणून.

"लिहा ना," बाउदिलिओ म्हणाला.
"ते वर्षच असं होतं की..."
"वर्षाचं कोण विचारतंय? ग्लासात काय आहे ते लिहा.
इथे दया केलीत, तर वरच्या सतरावर
मी विश्वास कसा ठेवायचा?"

दोष: धूर. शेवट कडवट, लांबलेला.
नऊ.

त्यानं कागद हातभर लांब धरून वाचला, चष्म्याशिवाय.
"मी सात दिले होते."

जेवण मागच्या अंगणात.
निखाऱ्यावर लोंगानिसा, उकडलेले बटाटे,
कोथिंबीर-मिरचीची झणझणीत पेब्रे.
ओर्तेन्सिया आली ती स्वतःचा पेला घेऊन;
घरातून काच म्हणून तेवढीच वाचली,
दुसऱ्या पेल्यातून ती पीत नाही.
गाढवाबद्दल बोलली. घराबद्दल नाही.

सतरावाली अर्धी राहिली.
खडूवाली सगळ्यांत आधी संपली,
तळाचं यास्नानं माझ्या ग्लासात ओतलं.
मी वास घेतला, सवयीनं.
तरी नऊच.

बादली लांब होती.