शाफ्ट

वादी कबीरला वादी आहे, पाणी नाही.
वर्षातून एखाद वेळा येतं, गाड्या घेऊन जातं,
बाकी गोटे, टायरवाल्यांच्या ताडपत्र्या,
आणि जून महिना, जो मस्कतमध्ये
तीस दिवसांत संपत नाही.

हाशेमभाई तिघांना मानगुटीला धरून वर आला
तेव्हा ती नखशिखांत ओली होती:
मुकादमांचा उबेद, पाटोळ्यांचा नाथा, आमची उत्पला.
गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडून
त्यांनी नदी केली होती.
सोळा घरांचं पाणी
चाळीस मिनिटांत पन्हळीतून रस्त्यावर, मग वाफ.

एरवी बाथरूमच्या शाफ्टमध्ये पाइप घरघरतात,
कोण काय बोलतं ते पाण्यात विरतं.
त्या रात्री पाइप कोरडे.
दिवा न लावता मी पालथ्या बादलीवर बसलो.
चोरूनच ऐकलं. खोटं कशाला बोलू.

आधी मुकादम वहिनी.
नवरा सोहारच्या रिफायनरीत, फोनच्या स्पीकरवर.
"पान्याचा हिसाब द्याचा हाय, उबेद,
थेंबाथेंबाचा. मला नाय, त्याला."
मग शंभर वेळा तौबा, बोटांच्या पेरांवर.
साठाच्या आसपास पोरगा चुकला,
तिनं पुन्हा एकपासून धरायला लावलं.
फोनमधला बाप म्हणाला, राहू दे गं, झोपव त्याला.
"तुमी तिकडून माफ करा.
मला इथं सांभाळायचा हाय."

मग पाटोळे. नगरकडचा माणूस,
रुवीच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो
(इथे त्यांचा रविवार शुक्रवारी येतो).
कपाटावरची लाकडी पट्टी काढल्याचं ऐकू आलं.
त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं, बापाला पाद्र्यानं,
की माया असेल तर हात आखडू नये.
पण आधी प्रार्थना. ती लांबत गेली.
नाथासाठी, मग बिल्डिंगसाठी,
मग हाशेमभाईची नोकरी टिकावी म्हणून,
मग गावाकडच्या आईच्या गुडघ्यांसाठी.
नाथा बापाच्या आधीच आमेन म्हणून मोकळा झाला.
पट्टी एकदा वाजली.
टेबलावर की तळहातावर, मला अजून माहीत नाही.

मी हसलो अंधारात.
आमच्याकडे वरून कोणी बघत नाही.
सकाळी वंदना, पाच शीलं, त्यातलं पहिलंच
जिवाला इजा न करण्याचं.
पुसदला माझा बाप ते म्हणायचा, डोळे मिटून, एकही अक्षर न चुकता,
आणि पाढा चुकला की
तेच जोडलेले हात सोडून कमरेचा पट्टा काढायचा.
मारून झाल्यावर पाठीला तेल लावायचा.
म्हणायचा, मला कोणी असं शिकवलं असतं
तर पोती उचलली असती का रे मी?

बाहेर आलो. उत्पलाच्या दप्तरातली
गणिताची वही अर्धीच होती.
होड्या केल्या, ती म्हणाली.
उबेदकडच्या कागदावर अल्लाचं नाव असतं,
नाथाच्या संडे स्कूलच्या कागदावर येशूचं,
ते पाण्यात टाकायचे नसतात.
माझ्या वहीवर कोणाचंच नव्हतं.

सोळा घरांचं पाणी गेलं तेव्हा
मी तिला एक शब्द बोललो नव्हतो.
वहीसाठी हात उठला.
एक. दोन. तिसऱ्याला तिची आई मध्ये आली.
आणि मग शाफ्ट इतका गप्प झाला
की कळलं, तिकडेही
कोणीतरी दिवा न लावता बसलंय.

पहाटे टँकर आला. पाइप खाकरले.
हाशेमभाईनं पन्हळीतून सात होड्या काढून
आमच्या उंबऱ्यावर वाळत ठेवल्या होत्या,
एकीवर बाराचा पाढा,
एकीवर, पालक म्हणून, माझी सही.

उत्पला दूध पीत होती, भिंतीकडे तोंड करून.
विचारलं नव्हतं मी काहीच.
"वाहिली होती," म्हणाली,
"पार टायरवाल्यापर्यंत."