पुरावा क्रमांक चार

पत्रात तीनच ओळी.
तिसरीत 'खेद' हा शब्द.
बाबांनी तो चष्म्याशिवाय वाचला,
मग चष्मा लावून,
मग पत्र पालथं केलं, मागे काही आहे का म्हणून.

इंजिन गेलं ते रॉब्लिनच्या अलीकडे,
उणे एकतीस अंशांत, एकाहत्तर हजारांवर.
वॉरंटी लाखाची.
आधी टकटक, मग एकच ठोका,
आणि रस्ताभर काळी रेघ,
दौत लवंडावी तशी.
टो-ट्रकवाला वाकून म्हणाला,
ओरेस्त, हिचा दांडा पोट फाडून बाहेर आलाय.
बाबा टोपी काढून उभे राहिले.
उणे एकतीसात.

कंपनी म्हणते, आत गाळ सापडला.
कंपनी म्हणते, तेल बदलल्याच्या पावत्या दाखवा.
पावत्या!
ज्या माणसानं उभ्या जन्मात पैसे मोजून
एक नट आवळून घेतला नाही,
त्याच्याकडे पावत्या.
तेल येतं को-ऑपमधून, पिंपानं.
पावती एक सापडली. तिच्यावर ट्रॅक्टरचं नाव.

मी फोनवर. एक दाबा. तीन दाबा. थांबा.
चाळीस मिनिटं तीच ती बासरी.
मग ब्रेंट नावाचा कुणी, आवाज लोण्यासारखा:
'मॅडम, तुमची अडचण मी समजू शकतो.'
समजू नकोस रे बाळा, लिहून घे.

नोंदी होत्या. कागदावर नव्हत्या, एवढंच.
गॅरेजात, बाकाच्या वर, भिंतीच्या प्लायवुडवर
सुतारी पेन्सिलीनं:
८ ऑक्टोबर, २९,४००, तेल + फिल्टर.
२ फेब्रुवारी, ३७,१००, तेल + फिल्टर. बोटं गेली.
१९ जून, ४४,६५०, तेल + फिल्टर. गारा. कनोला झोपला.
फोटो काढून पाठवला.
उत्तर आलं: भिंत हा दस्तऐवज नाही.

बाबांनी करवत घेतली.

सुनावणी ब्रँडनला, हॉटेलच्या एका खोलीत.
शेजारच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी लग्नाची तयारी.
लवादाच्या बाई सर्दीनं बेजार,
कंपनीचे वकील पडद्यावर, छातीपासून वर.
बाबांनी फळी टेबलावर आडवी ठेवली.
सुटाच्या बाहीला भुसा.
बाई नाक पुसत एकेक ओळ वाचत गेल्या,
गारांपाशी थांबल्या.
'आमच्याकडेही झाल्या होत्या,' म्हणाल्या.
वकिलांनी विचारलं, अक्षर तुमचंच कशावरून?
बाबा म्हणाले, इतकं वाईट दुसऱ्या कुणाचं नाही.

इथवर आम्ही जिंकत होतो.
तेवढं मला कळतं.

मग बाबांनीच बोट ठेवलं,
४४,६५० च्या खाली. पुढची ओळ थेट ५९,२००.
'इथली एक राहिली.'
कुणी विचारलं नव्हतं.
मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर बूट दाबला.
'ओल्हा तेव्हा विनिपेगला होती, हॉस्पिटलात.
आठवड्यातून दोनदा जायचो.
जाऊन-येऊन साडेसहाशे.
गाडीकडे बघायचं राहून गेलं.'

पडद्यावरच्या वकिलांनी काहीतरी टिपून घेतलं.
बाईंची शिंक आली तशी परत गेली.
शेजारी माइक तपासत होते:
हॅलो, हॅलो, मागे ऐकू येतंय का?

परत येताना गाडी माझी, मौनही माझं.
दीडशे किलोमीटर.
गावाच्या धान्य-कोठाराचा दिवा दिसला तेव्हा ते म्हणाले,
'खोटं लिहायचं असतं
तर तेव्हाच लिहिलं असतं, हालिना.
पेन्सिल तिथंच होती.'

निकाल तीस दिवसांत.
तोवर फळी त्यांच्याकडे,
चिकटपट्टी लावून: पुरावा क्रमांक चार.
गॅरेजात चौकोनी भोक.
त्यातून बाकावर बर्फ येतो, बाबा झाडतात, पुन्हा येतो.
पुठ्ठा लाव म्हटलं तर म्हणतात, येईलच की ती परत.

काल माझ्या गाडीखाली शिरले.
बाहेर आले, हात पुसले,
कानामागची पेन्सिल काढून सवयीनं वळले
आणि भोकासमोर जरा वेळ थांबले.
पलीकडे शेत, पांढरं, रेघसुद्धा नाही.
मग शेजारच्या फळीवर, अगदी कडेला:
हालिनाची, ८८,०२०, तेल + फिल्टर.